अपेक्षा, उकल आणि भय : ‘लाँगलेग्ज’ (२०२४) या चित्रपटाच्या संमिश्र स्वागताची चिकित्सा

सारांश

ऑसगुड पर्किन्स लिखित-दिग्दर्शित ‘लाँगलेग्ज’ हा अमेरिकन भयपट जुलै २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. प्रदर्शनापूर्वी त्याचा मोठा गाजावाजा झाला आणि त्याला व्यावसायिक यशही मिळाले. तथापि समीक्षकांनी केलेले कौतुक आणि पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांनी दिलेली मध्यम श्रेणी यांत लक्षणीय अंतर राहिले. हे अंतर प्रेक्षकांच्या अपुऱ्या अभिरुचीमुळे पडले असे मानण्याची प्रथा आहे. प्रस्तुत लेखात ती प्रथा तपासून पाहिली आहे. या चित्रपटाने आणि त्याच्या जाहिरातीने प्रेक्षकाशी पोलीसतपासकथेचा करार केला व शेवटी त्याची फेड अतिमानुष भयकथेच्या नियमांनी केली. प्रेक्षकांची नाराजी ही या करारभंगाची अचूक नोंद आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : भयपट, अपेक्षांचे क्षितिज, रसविघ्न, उकल, प्रेक्षक-प्रतिसाद.

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासात वाचकाला स्थान मिळून आता बराच काळ लोटला आहे. हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना मांडली. कोणतीही कृती वाचकासमोर कोऱ्या पाटीवर येत नाही. त्या प्रकारच्या आधीच्या कृतींनी घडविलेल्या अपेक्षा घेऊनच वाचक तिच्याकडे येतो, हे त्या संकल्पनेचे सार होय. आपल्याकडेही सहृदयाचा विचार रसचर्चेच्या केंद्रस्थानी राहिला आहे. असे असूनही लोकप्रिय चित्रपटांविषयी बोलताना आपण, विशेषतः महाविद्यालयीन अध्यापक, प्रेक्षकाला सहज बाजूला सारतो. एखाद्या गाजलेल्या चित्रपटाविषयी विद्यार्थी ‘मला भीती वाटलीच नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याला चित्रपट कळला नाही असे आपण मनातल्या मनात ठरवून टाकतो. त्याच्या विधानात चित्रपटाच्या रचनेविषयी काही माहिती दडलेली असेल, ही शक्यता आपण क्वचितच विचारात घेतो.

या शक्यतेचा विचार करण्यासाठी ‘लाँगलेग्ज’ हे उदाहरण अतिशय उपयुक्त आहे. त्यावर प्रेक्षकांनी व्यक्त केलेली मते परस्परविरोधी आहेत. तरीही त्या विरोधाला एक निश्चित आकार आहे. विवेचनाच्या ओघात चित्रपटाचा शेवट सांगणे अपरिहार्य आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

कथानकाची रूपरेषा

चित्रपटाचा काळ १९९० च्या दशकातील असून कथा अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात घडते. केंद्रीय तपास संस्थेच्या, म्हणजे एफबीआयच्या, कार्यालयातील भिंतीवर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची तसबीर दिसते. ली हार्कर (मायका मन्रो) ही तरुण अधिकारी अबोल व एकाकी आहे. तिला काही गोष्टी आधीच जाणवतात, असे प्रारंभीच सूचित होते व संस्था तिच्या या शक्तीची चाचणीही घेते. तिचा वरिष्ठ कार्टर (ब्लेअर अंडरवुड) तिला एका जुन्या प्रकरणावर नेमतो. अनेक वर्षांपासून निरनिराळ्या कुटुंबांत एकच प्रकार घडत आला आहे : घरातील पिता पत्नी-मुलांना ठार मारतो व स्वतःही मरतो. घरात बाहेरचा कोणी शिरल्याची खूण नसते. मात्र प्रत्येक ठिकाणी सांकेतिक लिपीतील एक पत्र सापडते आणि त्याखाली ‘लाँगलेग्ज’ अशी सही असते. प्रत्येक कुटुंबात महिन्याच्या १४ तारखेला जन्मलेली एक मुलगी आहे आणि हत्या तिच्या वाढदिवसाच्या मागेपुढे काही दिवसांतच घडते.

ली ती लिपी उलगडते, तारखांची जुळणी करते, एका शेतावरील कोठारात पुरलेली बाहुली शोधून काढते. त्या बाहुलीच्या डोक्यात धातूचा एक पोकळ गोळा सापडतो. पुढे लाँगलेग्ज (निकोलस केज) पकडला जातो व चौकशीच्या खोलीतच स्वतःचा जीव घेतो. त्यानंतर सत्य कळते ते लीच्या आईकडून. लाँगलेग्ज हा सैतानाचा उपासक व बाहुल्या घडविणारा कारागीर होता. लहानग्या लीचा जीव वाचावा म्हणून आई रूथ (अलिशिया विट) त्याची साथीदार झाली आणि जोगिणीच्या वेषात त्या बाहुल्या घरोघर पोहोचवू लागली. बाहुलीतील सैतानी प्रभावामुळे पिता भारला जात असे. शेवटी कार्टरच्याच घरी, त्याच्या मुलीच्या वाढदिवशी, तोच प्रकार घडतो. ली कार्टरला व आपल्या आईला गोळ्या घालते. बाहुलीवर मात्र तिची बंदूक चालत नाही.

जाहिरातीने बांधलेला करार

या चित्रपटाचे स्वागत समजून घ्यायचे तर त्याची जाहिरात दृष्टीआड करून चालणार नाही. निऑन या वितरण संस्थेने २०२४ च्या प्रारंभापासून छोट्या, गूढ चित्रफिती प्रसृत केल्या. सुरुवातीच्या फितींमध्ये चित्रपटाचे नावही नव्हते. छायाचित्रे, चिन्हे आणि न समजणारी लिपी एवढेच होते. सिॲटलमधील एका प्रमुख दैनिकात सांकेतिक लिपीतील मजकूर जाहिरात म्हणून छापण्यात आला. लॉस एंजेलिसमधील एका फलकावर दूरध्वनी क्रमांक दिला होता व त्यावर संपर्क केल्यास केज यांचा पात्राच्या भूमिकेतील आवाज ऐकू येई. काल्पनिक हत्यांची ‘माहिती’ देणारे एक संकेतस्थळही तयार करण्यात आले. केज यांचा चेहरा जाहिरातीत कटाक्षाने लपविण्यात आला. मन्रो यांनी त्यांना वेषभूषेत प्रथम पाहिले तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ७६ वरून १७० वर गेले, असे सांगणारी ध्वनिमुद्रित फीतही प्रसिद्ध झाली.

या सर्वांबरोबर दोन दावे सातत्याने पुढे ठेवले गेले. एक, हा या दशकातील सर्वाधिक भीतिदायक चित्रपट आहे. आणि दोन, ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज’ (१९९१) नंतरचा हा सर्वोत्तम सिरियल किलर चित्रपट आहे. हे दोन दावे वेगवेगळ्या गोष्टींविषयी आहेत. पहिला दावा भयाची मात्रा सांगतो, तर दुसरा चित्रपटाचा प्रकार सांगतो. ‘सायलेन्स’चे नाव उच्चारताच प्रशिक्षणार्थी तरुणी, वडीलधारा वरिष्ठ, चौकशी, सुगावे आणि बुद्धीने लागणारा शोध असे एक संपूर्ण क्षितिज प्रेक्षकासमोर उभे राहते. सांकेतिक लिपीनेही तेच केले. लिपी ही उलगडण्यासाठीच असते. ती प्रेक्षकाच्या हाती देणे म्हणजे ‘तूही तपासात सहभागी हो’ असे त्याला सांगणे होय.

या जाहिरातीला एक वास्तव संदर्भही आहे. १९६९ मध्ये ‘झोडियॅक’ या टोपणनावाने वावरणाऱ्या खुन्याने सॅन फ्रान्सिस्को परिसरातील वृत्तपत्रांकडे सांकेतिक मजकूर धाडले होते. त्यांपैकी पहिला मजकूर एका शालेय शिक्षकाने व त्याच्या पत्नीने काही दिवसांतच उलगडला. दुसरा उलगडण्यास २०२० साल उजाडावे लागले. खुन्याने वृत्तपत्रांतून प्रसिद्धी मिळविण्यासाठी वापरलेले तंत्र येथे चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी वापरले गेले. त्यातील औचित्याचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट निश्चित आहे : प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो अर्धा तपासनीस होऊनच.

प्रतिसादाचे आकडे आणि त्यांचा अर्थ

१ कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात बनलेल्या या चित्रपटाने अमेरिका व कॅनडात पहिल्या तीन दिवसांत सुमारे २ कोटी २० लक्ष डॉलर मिळविले. त्या प्रदेशातील त्याची एकूण कमाई ७ कोटी ४० लक्ष डॉलरच्या आसपास गेली. निऑनने त्यापूर्वी वितरित केलेल्या ‘पॅरासाइट’ (२०१९) या चित्रपटाची तेथील सुमारे ५ कोटी ३० लक्ष डॉलरची कमाई त्याने मागे टाकली. जगभरातील आकडा १२ कोटी डॉलरच्या पुढे गेला.

स्वागताचे चित्र मात्र दुहेरी आहे. रॉटन टोमॅटोज या संकलनात अनुकूल समीक्षांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर राहिले, तर प्रेक्षकांच्या अनुकूल मतांचे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास घुटमळले. सिनेमास्कोअर या संस्थेच्या पाहणीत चित्रपटाला ‘सी प्लस’ श्रेणी मिळाली. १९७९ पासून काम करणारी ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून मतपत्रिका भरून घेते व ‘ए प्लस’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. पहिल्या रात्रीचा प्रेक्षक हा जाहिरातीने ओढून आणलेला प्रेक्षक असतो. त्यामुळे ही श्रेणी चित्रपटाची गुणवत्ता मोजते असे म्हणण्यापेक्षा वचन आणि पूर्ती यांतील अंतर मोजते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

भयपटांना येथे कमी श्रेणी मिळते, हे सर्वज्ञात आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) या अशाच गाजावाजा झालेल्या चित्रपटाला ‘सी प्लस’, ‘द विच’ला (२०१६) ‘सी मायनस’ आणि ‘हेरेडिटरी’ला (२०१८) ‘डी प्लस’ श्रेणी मिळाली होती. या तिन्ही चित्रपटांना आज अभ्यासकांत प्रतिष्ठा आहे. त्यावरून ‘प्रेक्षक चुकतात, काळ समीक्षकांची बाजू घेतो’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु ‘द कॉन्ज्युरिंग’ (२०१३) व ‘गेट आउट’ (२०१७) या भयपटांना त्याच प्रेक्षकवर्गाने ‘ए मायनस’ दिली आहे. म्हणजे हा प्रेक्षक भयपटाचा द्वेष्टा नाही. त्याला सांगितलेली गोष्ट आणि दाखविलेली गोष्ट यांत मेळ असला की तो उदारपणे दाद देतो.

‘लाँगलेग्ज’विषयीच्या प्रतिक्रियांत काही सूर पुन्हापुन्हा ऐकू येतात. पूर्वार्धातील दडपण जवळजवळ सर्वांना मान्य आहे. केज यांच्या अभिनयावर दुफळी आहे : काहींना तो अंगावर काटा आणणारा वाटला, तर काहींना हसू आणणारा. काहींनी गती संथ असल्याची तक्रार केली. सर्वांत तीव्र मतभेद आहे तो शेवटच्या अर्ध्या तासाविषयी. त्यातही तक्रारी दोन आहेत व त्या वरकरणी परस्परविरोधी आहेत. काहींच्या मते चित्रपटाने शेवटी फार स्पष्टीकरण दिले. काहींच्या मते त्याने काहीच स्पष्ट केले नाही. एकाच प्रसंगाविषयी ही दोन्ही मते कशी संभवतात, हाच खरा विचारणीय प्रश्न आहे.

दोन कथाप्रकार, दोन करार

मराठी वाचकाला हा भेद अपरिचित नाही. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा आणि नारायण धारपांची भयकथा यांना आपण वेगळी नावे दिली, वेगळ्या अपेक्षांनी वाचले. पहिल्या प्रकारात सुगावा हा कारणाकडे नेतो व वाचकाची बुद्धी नायकाच्या बरोबरीने चालते. दुसऱ्या प्रकारात कारण मानवी ज्ञानाच्या पलीकडचे असते व वाचक ते आधीच मान्य करून बसतो. दोन्ही प्रकार सारखेच प्रतिष्ठित आहेत. अडचण येते ती एकाचे वचन देऊन दुसऱ्याची पूर्ती केल्यावर.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताच्या सीमेवरील साहित्याचा विचार करताना ‘संभ्रम’ हे तत्त्व मांडले. घडते आहे ते नैसर्गिक की अतिमानुष, हे वाचकाला ठरविता येत नाही तोवरच त्या साहित्याचे वैशिष्ट्य टिकते. नैसर्गिक उत्तर मिळाले की ते एका प्रकारात मोडते, अतिमानुष उत्तर मिळाले की दुसऱ्या. ‘लाँगलेग्ज’चा पूर्वार्ध या संभ्रमावर उभा आहे. खुनी घरात न शिरता खून कसे घडवितो? पित्यांना तो काय सांगतो? लीची जाणीव ही दिव्यदृष्टी आहे की दडपलेली स्मृती? हे प्रश्न प्रेक्षकाला खुर्चीला खिळवून ठेवतात. उत्तरार्धात उत्तर येते ते असे : बाहुलीत सैतान होता.

हे उत्तर मिळताच आधीच्या सुगाव्यांचे काय होते, हे पाहिले पाहिजे. चित्रपटाचे तीन भाग असून पहिल्या भागाचे शीर्षकच खुन्याच्या पत्रांवरून दिलेले आहे. परंतु लिपी उलगडल्याने रहस्य उलगडत नाही. तारखांच्या जुळणीतून एक आकृती तयार होते; मात्र त्या ज्ञानाने शेवटची हत्या टळत नाही. बाहुलीची तपासणी होते, गोळा पोकळ निघतो आणि तपास तेथेच थांबतो. सत्य अखेरीस हाती येते ते आईच्या निवेदनातून, लहान मुलाला गोष्ट सांगावी तसे. तपासनीस नायिका या क्षणी केवळ श्रोती होते आणि तिच्याबरोबर प्रेक्षकही. दोन परस्परविरोधी तक्रारींची संगती येथे लागते. निवेदनाने ‘काय घडले’ हे गरजेपेक्षा जास्त सांगितले, म्हणून भयकथेचा रसिक नाराज झाला. ‘सुगाव्यांवरून हे कसे कळावे’ हे मुळीच सांगितले नाही, म्हणून तपासकथेचा रसिक नाराज झाला. दोघेही आपापल्या करारानुसार बरोबर आहेत.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगताना पहिले स्थान ‘संभावनाविरहा’ला दिले आहे. जे घडते ते संभवनीयच वाटत नसेल तर चित्त त्यात स्थिर होत नाही आणि रस निष्पन्न होत नाही. याचा अर्थ अलौकिक घटना वर्ज्य आहेत असा नव्हे. अशा घटनांसाठी ज्यांच्या सामर्थ्याविषयीची श्रद्धा लोकमानसात आधीच रुजलेली आहे, अशा रामादी प्रख्यात पात्रांची योजना करावी, असा उपायही तो सुचवितो. अलौकिकाला आधी भूमी तयार करावी लागते, हे त्यातील मर्म आहे. ‘द एक्झॉर्सिस्ट’मध्ये (१९७३) मुलीवर एकामागून एक वैद्यकीय तपासण्या होतात. विज्ञानाचे सर्व मार्ग प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत खुंटल्यावरच धर्मगुरू येतो. तेथे अतिमानुष उत्तर कष्टाने मिळविलेले आहे.

‘लाँगलेग्ज’ने अशी भूमी अजिबात तयार केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लीच्या शक्तीची चाचणी प्रारंभीच येते. अनेक दृश्यांच्या पार्श्वभूमीत शिंगे असलेली आकृती पुसटशी दिसते व दुसऱ्यांदा पाहणाऱ्यांना ती शोधण्यात आनंद मिळाला आहे. परंतु या खुणा डोळ्यांसाठी आहेत. बुद्धीसाठी मांडलेला पट वेगळाच आहे व तो अर्धवट सोडला जातो. म्हणूनच वातावरणाकडे पाहणारा समीक्षक तृप्त होतो आणि पट सोडवायला बसलेला प्रेक्षक रित्या हाताने उठतो.

उकलीचा जुना प्रश्न

दिग्दर्शक ऑसगुड पर्किन्स हे अँथनी पर्किन्स यांचे पुत्र होत. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) नॉर्मन बेट्सची भूमिका करणारे नट ते हेच. त्यामुळे दोन्ही चित्रपटांची तुलना स्वाभाविक आहे आणि ती केवळ घराण्यापुरती नाही. हिचकॉकनेही लपवाछपवीची जाहिरात केली होती. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही प्रवेश देऊ नये असा नियम त्याने केला व शेवट फोडू नका अशी विनंती प्रेक्षकांना केली. ‘सायको’च्या अखेरीसही एक मनोविकारतज्ज्ञ सर्व प्रकार समजावून सांगतो आणि तो प्रसंग अनावश्यक असल्याची टीका आजवर होत आली आहे.

तरीही दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. ‘सायको’तील स्पष्टीकरण रुक्ष असले, तरी ते आपण पाहिलेल्या गोष्टींचेच स्पष्टीकरण आहे. आईचा आवाज, खिडकीतील आकृती, नॉर्मनचा अस्वस्थपणा हे सर्व त्यातून पुन्हा जुळविता येते. त्यानंतरही कोठडीत बसलेल्या नॉर्मनचा चेहरा शिल्लक राहतो व स्पष्टीकरण अपुरे असल्याची जाणीव देतो. ‘लाँगलेग्ज’मध्ये सर्वांत भयावह असलेला क्षण स्पष्टीकरणापूर्वीच येऊन जातो. १९७० च्या दशकातील पहिल्या प्रसंगात, जवळजवळ चौकोनी चौकटीत, बर्फाळ अंगणातील लहान मुलीसमोर तो उभा राहतो आणि चौकट त्याचा चेहरा वरून कापून टाकते. अपूर्ण दिसणे हेच तेथील भय आहे. जाहिरातीनेही हाच चेहरा लपविला होता. एकदा तो पूर्ण दिसला, त्याचे गाणे-ओरडणे ऐकले, की लपविण्याने निर्माण केलेली कल्पना आणि प्रत्यक्ष यांची तुलना अटळ होते. केज यांच्याविषयीची दुफळी बहुतांशी येथून उद्भवते.

पित्याचा अपराध आणि सैतानाचा आधार

येथवरचा विचार रचनेचा झाला. परंतु या नाराजीत एक नैतिक धागाही आहे आणि प्रस्तुत लेखकास तो अधिक महत्त्वाचा वाटतो. पत्नी-मुलांची हत्या करून स्वतःचा जीव घेणारा पुरुष हा गुन्हेशास्त्राला परिचित असलेला, वास्तवातील प्रकार आहे. वरून सुस्थितीत दिसणाऱ्या घरात हे कशामुळे घडते, हा प्रश्न कोणत्याही भुतापेक्षा भयंकर आहे. चित्रपट हाच प्रश्न मांडून सुरू होतो आणि म्हणूनच पूर्वार्ध इतका बोचतो. उत्तरार्धात अपराध बाहुलीकडे व सैतानाकडे सोपविला जातो. पिते निरपराध ठरतात. ते केवळ भारलेले होते.

चित्रपटाने निवडलेला काळ पाहता ही सोपवणूक अधिकच खटकते. १९८० चे दशक व १९९० च्या दशकाचा प्रारंभ हा अमेरिकेतील ‘सैतानी भयगंडा’चा काळ होता. कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन शिशुशाळेच्या प्रकरणात १९८३ मध्ये आरोप झाले, वर्षानुवर्षे खटला चालला आणि १९९० मध्ये कोणालाही दोषी न ठरविता तो संपला. आर्कान्सासमधील तीन किशोरवयीन मुलांना सैतानपूजेच्या संशयाने भरलेल्या वातावरणात १९९४ मध्ये शिक्षा झाली. ते २०११ मध्ये सुटले. एफबीआयचे अधिकारी केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या आपल्या अहवालात संघटित सैतानी बळींच्या दाव्यांना पुष्टी देणारा पुरावा आढळत नसल्याचे नमूद केले होते. म्हणजे ज्या संस्थेने प्रत्यक्षात सैतान नाकारला, त्याच संस्थेची अधिकारी या चित्रपटात सैतानापुढे हतबल होते. कल्पितकथेला हे स्वातंत्र्य निश्चितच आहे. परंतु ज्या भयगंडाने निरपराध माणसांची आयुष्ये उद्ध्वस्त केली, त्याचे गृहीतक सत्य मानून त्याच काळात कथा रचायची आणि त्याविषयी मौन पाळायचे, यातील पोकळी जाणत्या प्रेक्षकाला जाणवल्यास नवल नाही.

चित्रपटाच्या बाजूने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. आईने मुलाशी प्रेमापोटी बोललेले खोटे हे या कथेचे बीज असल्याचे पर्किन्स यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. वडिलांच्या खासगी आयुष्याविषयी आपल्या घरात पाळल्या गेलेल्या मौनाशी त्यांनी ते जोडले आहे. या दृष्टीने पाहिले तर सैतान हे निमित्त ठरते आणि रूथ हे खरे केंद्र ठरते. स्वतःच्या लेकीला वाचविण्यासाठी इतरांच्या लेकी मृत्यूच्या हवाली करणारी आई हे विलक्षण पात्र आहे. तिच्यात सैतानाची गरज नसलेले, पूर्णतः मानवी भय आहे. या चित्रपटाचे उत्कट समर्थन करणारे प्रेक्षक बहुधा याच धाग्याला धरून बोलतात. परंतु हा धागाही त्या एका निवेदनात घाईने उरकला जातो. रूथने वर्षानुवर्षे जगलेला अपराध आपण पाहत नाही, ऐकतो. ज्याला दोन तास हवे होते, त्याला काही मिनिटे मिळाली.

अध्यापनाच्या दृष्टीने

या चित्रपटाची तिकीटविक्री दुसऱ्या आठवड्याअखेर सुमारे निम्म्याने घटली. पहिल्या रात्रीची श्रेणी पाहता ही घट सौम्यच म्हणावी लागेल. लोक भांडत होते आणि तरीही पाहायला जात होते. मतभेद हा चित्रपटाचा शत्रू नसतो, हे यातून दिसते. वर्गातही तो शत्रू नसावा. ‘भीती वाटली नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पुन्हा पाहा’ असे सांगण्याआधी ‘नेमकी कोठे वाटेनाशी झाली?’ असे विचारले, तर तो बहुधा आईच्या निवेदनापाशी बोट ठेवील. तेच बोट तोदोरोव्हच्या संभ्रमापाशी आणि अभिनवगुप्ताच्या पहिल्या विघ्नापाशी पोहोचते. परिभाषा आपण पुरवायची. निरीक्षण त्याचेच असते. जेथे आपण अभिरुचीचा अभाव पाहतो, तेथे पुष्कळदा परिभाषेचा अभाव असतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कमी श्रेणी म्हणजे अंतिम निवाडा नव्हे. जाहिरात विसरली जाते, चित्रपट राहतो. आणखी काही वर्षांनी कोणी तरुण प्रेक्षक कोणत्याही दाव्याविना ‘लाँगलेग्ज’ पाहील, तेव्हा त्याचे क्षितिज वेगळे असेल आणि त्याला पूर्वार्धातील दडपण अधिक निर्मळपणे अनुभवता येईल. मात्र सुगाव्यांचा सोडून दिलेला पट तेव्हाही तसाच असेल, कारण तो जाहिरातीत नसून कृतीत आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. ‘लाँगलेग्ज’ला मिळालेला संमिश्र प्रतिसाद हा सुजाण समीक्षक आणि अजाण प्रेक्षक यांच्यातील दरीचा पुरावा नाही. समीक्षकांनी प्रामुख्याने वातावरण, छायालेखन व अभिनय यांचे मूल्यमापन केले, तर प्रेक्षकांनी दिलेल्या वचनाची पूर्ती तपासली. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या. तपासकथेचा करार करून अतिमानुष उत्तर देणे हे मूलतः दोषास्पद नाही. परंतु त्यासाठी बुद्धीचे मार्ग प्रेक्षकासमोर खुंटवावे लागतात. येथे ते मध्येच सोडून दिले आहेत. आणि ज्या प्रश्नाने हा चित्रपट आपल्याला घाबरवितो, त्या प्रश्नाचे, म्हणजे घरातला माणूसच घराचा घातक का होतो याचे, उत्तर देण्याचे त्याने टाळले आहे. चित्रपटगृहातून नाराज होऊन बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला हे कदाचित या शब्दांत सांगता आले नसेल. परंतु त्याने मतपत्रिकेवर नोंदविलेली श्रेणी हेच सांगत होती, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.